काटा पन्नासवर

पोलिसांनी मला पकडलं तेव्हा मी मोटारसायकलवर ताशी 68 किलोमीटरला होतो. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 68ला. माझ्या म्हणण्याप्रमाणे मी विचारात होतो.

रस्ता सरळ, मोकळा. गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आलेली. अशा वेळी मूठ नक्की कोण पिळतं हे सांगणं अवघड असतं. मनगट आपलं असलं तरी मर्जी गाडीची चालते. तेवढ्यात झाडाआडून एक हात बाहेर आला. त्या हाताचं वैशिष्ट्य असं, की रस्त्यावर शंभर गाड्या असोत, तो आपल्यालाच आहे हे क्षणात कळतं. शाळेत गुरुजींचं बोटही असंच असायचं.

मोटारवाल्याचं एक बरं असतं. काच खाली करून तो बसल्या जागी बोलतो. आमचं तसं नाही. हेल्मेट घालून बोललं तर आवाज विहिरीतून येतो, काढून बोललं तर चपटलेले केस आणि दोन्ही गालांवर वळ, म्हणजे चेहऱ्यावरच गुन्हा सिद्ध. मी अर्धं काढलं. ते कानात अडकलं.

"घाई आहे का?" साहेबांनी विचारलं.

याला काय सांगणार? हो म्हटलं तर कबुली झाली. नाही म्हटलं तर मग उधळला कशाला होतास?

"थोडीशी," मी म्हणालो.

"इथली मर्यादा किती?"

"साठ?" मी असं म्हणालो, जणू घासाघीस करून पंचावन्नला सौदा तुटेल.

"पन्नास."

"पण साहेब, सगळेच जण..."

"सगळ्यांना धरतो. आत्ता तुमचा नंबर."

पावती फाडून निघायला पंचवीस मिनिटं गेली. पुढे घरी बसून मी हिशोब केला. माझं रोजचं अंतर 12 किलोमीटर. पन्नासने गेलो तर साडेचौदा मिनिटांच्या आत, 68ने गेलो तर साडेदहा मिनिटांना थोडं वर. म्हणजे चार मिनिटंसुद्धा पुरती वाचत नाहीत. त्या पंचवीस मिनिटांची भरपाई करायला मला आठवडाभर रोज कायदा मोडावा लागला असता.

रविवारी आमची टोळी जमली आणि प्रकरण तिच्यापुढे ठेवलं. मोटारसायकलवाल्यांच्या टोळीत दोन विषयांवर प्रत्येकाला पूर्ण ज्ञान असतं: चेनला कोणतं तेल घालावं, आणि वेगमर्यादा कशी चुकीची आहे.

टोळीतला इंजिनिअर म्हणाला, मर्यादा ठरवायची एक शास्त्रीय पद्धत आहे. मोकळ्या रस्त्यावर शंभरातले 85 जण ज्या वेगाच्या आत असतात तो वेग मोजतात आणि तिथून विचाराला सुरुवात करतात. "म्हणजे आपण सगळे जोरात गेलो तर मर्यादा वर जाईल!" दुसऱ्याने निष्कर्ष काढला. आमच्यातल्या काहींना आपण इतकी वर्षं समाजकार्य करत होतो हे त्या दिवशी कळलं.

तिसरा जर्मनीच्या महामार्गांवर गेला. तिथे कित्येक पट्ट्यांवर मर्यादाच नाही, 130ची नुसती शिफारस आहे. हे तो दर रविवारी सांगतो. त्याची स्वतःची गाडी नव्वदला गेली की आरशातलं मागचं जग इतकं थरथरतं, की मागून ट्रक येतोय की डोंगर हे कळत नाही. पण मर्यादा नको म्हणजे नकोच.

चौथ्याला इतिहासाची आवड. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून 1896 सालची गोष्ट सांगितली. इंग्लंडात वॉल्टर अरनॉल्ड नावाच्या गृहस्थांनी ताशी दोन मैलांची मर्यादा असताना आठ मैलांनी मोटार हाकली. तिथल्या हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडलं आणि एक शिलिंग दंड झाला. म्हणजे मर्यादेच्या चौपट! मी तर जेमतेम सवापटीच्या पुढे होतो. तरी मला कोणी सायकलवरून धरलं नव्हतं, एवढं समाधान मानून घेतलं.

"पण त्यांचं मशिनच चुकलं असेल तर?" मी शेवटची काडी धरली.

इंजिनिअर हसला. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिरकी धरलेली वेग मोजायची गन खऱ्या वेगापेक्षा कमीच आकडा दाखवते, जास्त नाही. कोनाचा हिशोबच तसा आहे. उलट आपल्या गाडीचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतच तसं आहे. "तुझा काटा किती दाखवत होता?" त्याने विचारलं. तो 74 दाखवत होता. मी म्हणालो, लक्ष नव्हतं.

कोपऱ्यात आमचे थोरले बसले होते. जन्मभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, आता जुनी गाडी अगदी सावकाश चालवतात. ते कधी वाद घालत नाहीत, फक्त खिशातून पेन्सिल काढतात, आणि त्यामुळेच टोळीला त्यांची भीती वाटते.

"समज, पोर आडवं आलं," ते म्हणाले. "कळायला एक सेकंद. मग ब्रेक, तोही कोरड्या रस्त्यावर आणि चांगला. तू पन्नासला असतास तर साधारण 28 मीटरवर उभा असतास. 68ला असतास तर त्याच 28 मीटरवर तुझा वेग किती असता?"

"वीस?" कोणीतरी म्हणालं.

"पंचावन्न."

हे कोणाच्याच पचनी पडेना. वेग सवापटीने वाढला तर धोकाही सवापटीने वाढावा, एवढा साधा व्यवहार आम्हाला अपेक्षित होता. पण त्या एका सेकंदातच 19 मीटर संपलेले असतात, ब्रेकला उरतात नऊ, आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, असं त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं. थोडा वेळ शांतता पसरली. मग एकाने विषय चेनच्या तेलावर नेला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पण तो आकडा माझ्या डोक्यात बसला. मी जाहीर केलं: एक आठवडा काटा पन्नासच्या वर जाणार नाही.

तो आठवडा मी विसरणार नाही. मर्यादा मोडायला काहीच लागत नाही. पाळायला दगडाचं काळीज लागतं. पहिल्याच सकाळी मागून एक ट्रक आला. त्याने आधी हॉर्न वाजवला, मग वाजवतच ठेवला, जणू बोटच चिकटलं असावं. आरशात ट्रक दिसेनासा झाला, फक्त त्याची जाळी दिसायला लागली. मी कडेला सरकलो. काटा पन्नासवर. म्हणजे खरा वेग 46-47च असणार. कायद्यापेक्षाही मागे होतो मी.

नंतर स्कूटीवरची एक मुलगी शेजारून जाताना थांबल्यासारखी झाली आणि ओरडली, "काका, पेट्रोल संपलंय का?" उतारावर एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वळून बघितलं त्याने, दया आल्यासारखं. एका भल्या माणसाने तर गाडी थांबवून प्लग बदलायला पाना हवा का असं विचारलं. बायको मागे बसली होती, ती म्हणाली, "तुला ताप तर नाही ना?" चिरंजीवांनी शाळेच्या फाटकाच्या शंभर पावलं आधीच सोडायला सांगितलं. एरवी त्याला फाटकासमोर, मित्रांच्या देखत, आवाज करत उतरायचं असतं.

पाट्या मला त्याच आठवड्यात दिसल्या. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात होतो. 40ची एक पाटी फांदीआड आहे आणि तिच्यापुढे शाळेपाशी 30ची आहे, हे ठाऊकच नव्हतं. तिसला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खोकते, दुसऱ्यात किंचाळते. मधला गिअर कोणी बनवलेला नाही.

दिवसातून एकदाच मला माणसांची सोबत मिळे: वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याच्या खांबापाशी. तिथे आल्यावर सगळे एकदम पन्नासला. मिनिटभर आम्ही शिस्तीत, भावाभावांसारखे शेजारी शेजारी. खांब ओलांडला की सगळे टणकन उडी मारून पसार. जाणकार याला कांगारू परिणाम म्हणतात. या कॅमेऱ्यांपैकी सर्वांत नावाजलेला ज्याने काढला तो मॉरिस गॅत्सोनिडीस हा डच माणूस स्वतः शर्यतवाला. 1953ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वेग मोजायचं यंत्र त्याने बनवलं ते वळणावर आपण अजून जोरात कसे जाऊ हे बघायला. हे कळल्यापासून त्या खांबाकडे मी जरा निराळ्या नजरेने बघतो.

सातव्या दिवशी परतीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने डोक्यावर, हेल्मेटवर, थाप मारली. आमच्या भाषेत याचा अर्थ: पुढे मामा उभे आहेत. (समोर साहेब, पाठीमागे मामा.) एरवी ही थाप पाहिली की पोटात गोळा येतो आणि पाय ब्रेकवर जातो. त्या दिवशी मी काट्याकडे बघितलं. 48. अभ्यास करून गेलेल्या मुलाला परीक्षा रद्द होऊ नये असं वाटतं ना, तसं झालं. मागोमाग दुसरा एक आला. त्याने हाताची मूठ उघड-मीट, उघड-मीट केली. मला वाटलं, टाटा करतोय. मीही केला.

तेच झाड, तेच साहेब. मी ताठ बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात बाहेर काढला.

मी थांबलो. या वेळी हेल्मेट पूर्ण काढलं.

"साहेब, आज 48 आहे," मीच सुरुवात केली. "तुम्ही मोजलं असेलच."

"नाही मोजलं. गनची बॅटरी संपली आहे," ते म्हणाले आणि माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला गेले. "उजवीकडे वळायचंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग तो इंडिकेटर बंद करा की. लांबून बघतोय मी, चालूच आहे."