लांडगिणीची पिल्लं आणि गावकुत्री : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माळावरच्या लांडग्यांना गावकुत्र्यांशी होणाऱ्या संकराचा मोठा धोका आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ज्यांच्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात ते प्राणी एकाच प्रजातीचे, हे आपणच पोरांना शिकवतो, मग इथं बिघडलं काय? संकरित ज्वारीनं मराठवाड्याला जगवलं, तर संकर वाईट कसा? आणि माणसांत शुद्ध-अशुद्ध मानू नका म्हणणाऱ्यांनी लांडग्याच्या रक्ताची शुद्धता कुठल्या तोंडानं मोजायची? हा शेवटचा प्रश्न मनाला लागला, म्हणून आधी तोच घेतो.

लांडग्याचं रक्त कुत्र्याहून श्रेष्ठ आहे असं मी मानत नाही. मला काळजी आहे ती संख्येची. देशात लांडगे उरलेत अंदाजे तीन हजार, आणि कुत्री कोटींनी. अशी मिसळण बरोबरीची होत नाही, त्यात थोडके असतात ते बुडतात. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या गायींचं तुम्ही पाहिलंच आहे. जर्सीचं रेतन वाढत गेलं आणि गावात अस्सल वळू शोधावा लागू लागला. त्यात जर्सीचा काही दोष नव्हता. पण देवणी जपायला निदान तिचा मालक आहे, माळावरच्या लांडग्याला कोण आहे?

ज्वारीचं उत्तरही इथंच आहे. संकरित बी आपण दरवर्षी नवं आणतो, कारण घरचं पेरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. तिचे मूळ वाण कुणीतरी वेगळे सांभाळून ठेवलेले असतात, म्हणून तो संकर दरसाल नव्यानं करता येतो.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो खरा आहे, आणि माझी भीती नेमकी त्यातूनच येते. घोड्याची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला सहसा संतती होत नाही आणि ती मिसळण तिथंच थांबते. लांडगा आणि कुत्रा, दोघांचीही गुणसूत्रं ७८. त्यांची पिल्लं धडधाकट निपजतात, पुन्हा लांडग्यांशी जुगतात. कुत्र्याचा वाटा निम्मा, मग पाव, मग अर्धा पाव होत जातो. काही पिढ्यांनी जनावर दिसायला लांडगाच दिसतं. राहिली व्याख्या, तर तपकिरी आणि ध्रुवीय अस्वलांच्या संकरालाही पिल्लं होतात. तरी बर्फावर सील मारून जगणारं अस्वल वेगळंच मानतात.

हे घडतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण उपाय त्यातच आहे. लांडगीण वर्षातून एकदाच माजावर येते. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर जोड्या लागतात, दोनेक महिन्यांनी, हिवाळ्यात, ती विते. कळपात बहुधा एकच जोडी वीण घालते आणि बाकीचे पिल्लांना खाऊ घालतात. शिकार पोटात भरून आणायची आणि बिळाशी येऊन पिल्लांपुढं ओकायची, ही त्यांची रीत. कळप शाबूत असेल तर परक्या कुत्र्याला तिथं थारा नसतो, उलट तोच मारला जातो. पण बिळात धूर कोंडला, मेलेल्या शेळीवर विष टाकलं, आणि कळपातला नर गेला, की मागं राहते एकटी मादी. तिचे माजाचे दिवस मोजके, आणि गावकुत्रा बारमाही तयार. युरोपातल्या जनुकीय अभ्यासांतही बहुतेक वेळा आई लांडगीण आणि बाप कुत्रा असंच आढळलं आहे. पिल्लं आईबरोबर रानात वाढतात, म्हणून मिसळलेलं रक्त लांडग्यांतच राहतं. आणि पिल्लं पोसायला कुत्रा काही थांबत नाही.

हे फक्त परदेशातलं नाही. पुण्याजवळच्या माळरानावर काही वेगळ्या रंगाची जनावरं दिसली, त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ साली संकर सिद्ध झाल्याचं प्रसिद्ध झालं.

तुमच्या बाजूचंही एक उदाहरण देतो. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आला, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्या जनुकानं तिथल्या लांडग्यांचं नुकसान झालेलं नाही. हजारो लांडग्यांच्या सलग रानात एखादं जनुक पचून जातं. आपल्याकडे लांडगे तुकड्यातुकड्यांनी उरलेत, मध्ये रस्ते, ऊस आणि वस्त्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्या तोंडी घातली, ती मी लिहिली नव्हती. धनगरांच्या कुत्र्यांना मी दोष दिलेला नाही. मेंढरांच्या वाड्याशी राहणारं, धन्याच्या हातची भाकर खाणारं कुत्रं ही अडचण नव्हे. अडचण आहे कोंबड्यांच्या शेडबाहेर मेलेल्या पिल्लांचे ढीग आणि गायरानात टाकलेली मेलेली जनावरं, कारण मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या त्यावर पोसतात. ही घाण पुरली आणि कुत्र्यांची नसबंदी झाली, तर निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं म्हणजे लांडग्यांचा कळप न फोडणं.

तुमच्या गावच्या गायरानात दिसलेल्या पिवळसर, अर्धवट कान पडलेल्या जनावराबद्दल : कृपा करून त्याला कुणी मारू देऊ नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि नुसत्या नजरेनं संकर ठरत नाही. लांबून फोटो मिळाला तर मागच्या पायांचा घ्या. तिथं आतल्या बाजूला वर एक जादा नख दिसलं, तर ती कुत्र्याच्या अंशाची खूण असू शकते. ताजी विष्ठा दिसली तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. पोरांना बिळापाशी मात्र नेऊ नका, मादी पिल्लं घेऊन जागा सोडते.