ड तुकडी

पाचवीपासून दहावीपर्यंत मी ड तुकडीत होतो. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ड तुकडीचा वर्ग मैदानाच्या बाजूला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, जोगेश्वरीला वन बीएचके झाला. आता आपल्याला कोणी मार्क देणार नाही अशी स्वतःची समजूत घालत मी ४४ वर्षांचा झालो. तेवढ्यात चिरंजीवांनी घरात डेव्हिल मे क्राय फाइव्ह हा व्हिडिओ गेम आणला.

खेळ राक्षस मारण्याचा. सुरुवातीलाच विचारतात, 'ह्यूमन' की 'डेव्हिल हंटर'? मी ह्यूमन घेतलं. लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर माणसात मोजत नाहीत, निदान घरी तरी. मग तलवारीचं बटण शोधलं आणि सापडल्यावर सोडलं नाही. टकटकटकटक. समोर येईल तो आडवा. मैदान साफ, राक्षस खलास, मी धडधाकट. चाळीतलं भांडण कोणी असं निस्तरलं असतं तर लोकांनी चहा पाजला असता. इथे निकाल लागला आणि पडद्यावर एक भलंमोठं अक्षर उमटलं: डी.

आई सोफ्यावर मटार सोलत बसली होती. महापालिकेच्या शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवून ती निवृत्त झाली आहे. तिने चष्मा सारखा केला.

"ड? ड म्हणजे ३३ ते ४०. काठावर पास."

"अगं, पण सगळे मेले ना!"

"बाबा, तू स्पॅम करतोस," मुलगा चिवड्याच्या वाटीतून मान वर न करता म्हणाला.

स्पॅम म्हणजे एकच वार पुन्हा पुन्हा मारत राहणं. त्याने मग मला पडद्याच्या उजवीकडचा मीटर दाखवला, जो मी आजवर जाहिरात समजत होतो. सगळ्यात खाली डी म्हणजे डिस्मल, मग सी म्हणजे क्रेझी, बी म्हणजे बॅडॲस, ए म्हणजे अपोकॅलिप्टिक. ए मिळाला की आपल्याकडे पेढे वाटतात. इथे त्याच्याही वर एस, डबल एस आणि ट्रिपल एस. ट्रिपल एसचं पूर्ण नाव स्मोकिन सेक्सी स्टाइल. आईने अर्थ विचारला. मी "धूर निघतो" एवढाच सांगितला.

मीटरची रीत अशी, की तोच तो वार केला की त्याचा भाव पडतो. वार बदलला, म्हणजे तलवारीनंतर पिस्तूल, मग शत्रूला हवेत उडवणं, मग वरच्या वर झेलणं, की मीटर चढतो. स्वतः मार खाल्ला की धाडकन खाली येतो. नुसतं उभं राहिलं तरी हळूहळू गळतो. शत्रू मेला का, याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नाही. देखणा मेला का, एवढंच तो पाहतो.

हे खूळ जपानचं. २००१ साली कॅपकॉम कंपनीने पहिला डेव्हिल मे क्राय काढला, दिग्दर्शक हिदेकी कामिया. खरं तर तो रेझिडेंट इव्हिल या घाबरवणाऱ्या खेळाचा चौथा भाग व्हायचा होता. पण नायक इतका तोऱ्यात वागायला लागला की त्यात भीती म्हणून उरेना, शेवटी वेगळा खेळच केला. शत्रूला हवेत झेलत ठेवायची कल्पना तर ओनिमुशा नावाच्या दुसऱ्याच खेळातल्या चुकीवरून सुचली. तिथे उडालेला शत्रू जमिनीवर टेकायच्या आत पुन्हा पुन्हा मारता यायचा. म्हणजे चुकीचे मार्क कापायचे सोडून यांनी चुकीलाच पहिला नंबर दिला. आईला हे अजून पटलेलं नाही.

त्यात गाण्याची भानगड. या खेळात मीटर वर चढेल तसं मागचं गाणं रंगत जातं आणि एसला पोहोचलं की मग कुठे ध्रुवपद सुरू होतं. माझ्या हातात गाणं कधी तिथवर गेलंच नाही. दोन आठवडे घरात रोज रात्री तेच तेच कडवं घुमत होतं. एकदा आई म्हणाली, "हे गाणं पुढे का जात नाही रे? कॅसेट अडकलीय का?" मुलाने रिमोट हातात घ्यावा तसा कंट्रोलर घेतला आणि मिनिटभरात ध्रुवपद लावून दाखवलं. एका हाताने चिवडा चालूच.

मग मीही इरेला पेटलो आणि माझं वागणं बिघडलं. शेवटच्या राक्षसाला मी मारेनासा झालो. त्याला जपायला लागलो. तो मेला की मीटर चढवायला उरतं कोण? हवेत उडवायचा, हळूच दोन गोळ्या, खाली आला की पुन्हा वर, जीव जाणार नाही अशा बेताने. मध्येच त्याच्यासमोर उभं राहून वाकुल्या दाखवायच्या, कारण वाकुल्यांनीही मीटर चढतो. खेळात त्याला टाँट म्हणतात आणि त्यासाठी कंट्रोलरवर चक्क स्वतंत्र बटण आहे. "त्याला एकदाचं मारून टाका," बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोळ्या गार होतायत." तिला कसं सांगणार, की मारणं सोपं आहे गं.

चिरंजीवांकडे याच कामियांचा २००९चा बेयोनेटा हा खेळही आहे. तिथे औषधपाणी केलं की मार्क जातात, म्हणून मी खिशात औषध असताना तसाच कण्हत लढलो आणि मेलो. मेलं तरी मार्क जातात. शेवटी हाती आला तो सगळ्यात खालचा पुरस्कार, एका जाड्या माणसाचा दगडी पुतळा. पदकाचं नावच स्टोन. आमचे गणिताचे सर ड तुकडीला दगड म्हणायचे, पण त्यांनी तो कधी घरी दिला नव्हता.

खरा माणसांसाठी केलेला खेळ म्हणजे २००६चा गॉड हँड. त्यात चांगलं खेळलं की शत्रूच तापत जातात. लेव्हल वन, टू, थ्री आणि त्याच्यावर 'डाय'. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. नीट काम करणाऱ्याच्या टेबलावर आणखी फायली टाकायची पद्धत आमच्याकडेही आहे. शिवाय त्यात लोटांगणाची एक खास खेळी आहे. शत्रूपुढे लोटांगण घातलं की लेव्हल उतरते. तीही मला पहिल्या दिवसापासून येत होती.

खेळापुरतं राहिलं असतं तर ठीक. पण तो मीटर माझ्या डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात कायमचा येऊन बसला. सकाळी तीच चर्चगेट स्लो, तोच मधला डबा, त्याच दरवाज्यात तोच डावा खांदा आत. स्पॅम. डब्यात उपमा. स्पॅम. पाचव्या दिवशी पाचवा उपमा उघडताना मला स्पष्ट 'डिस्मल' दिसलं. अख्खं आयुष्य मी एका बटणावर काढलं होतं. आणि खरं सांगायचं तर मुंबईत ते चालतंही. इथे जो रोज वेगळं काही करतो त्याचा लेट मार्क लागतो.

हे कळत असूनही एका संध्याकाळी मी वार बदलला. नेहमीची बोरिवली स्लो सोडून दादरला गेलो आणि विरार फास्ट पकडली. अंधेरीला उतरू, तिथून एक स्टेशन मागून येणाऱ्या स्लोने. वेगवेगळे वार एकाला एक जोडले की त्याला कॉम्बो म्हणतात.

"कुठे?" बांद्र्याच्या आत कोणीतरी विचारलं.

"अंधेरी."

लांब जाणाऱ्यांच्या गाडीत जवळचा घुसला म्हणून डबा गप्प झाला. राक्षसांचं परवडतं, ते निदान आवाज करून अंगावर येतात.

"अंधेरीला बोरिवली गाड्या कमी पडल्या का हो, काका?"

मी हसून बघितलं. माझ्या मनाने तो टाँट होता. त्यांनीही तो तसाच घेतला. अंधेरी आली, दार चार फुटांवर, आणि मधल्या अकरा जणांपैकी एकही तसूभर हलला नाही. गाडी सुटली. आमची जोगेश्वरी डोळ्यांदेखत मागे गेली. आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकीसुद्धा दिसली. बोरिवलीला मात्र त्यांनी मला उतरवलं. पहिल्याने कोपराने वर उचललं, दुसऱ्याने खांद्यावर झेललं आणि जमिनीला पाय लागू न देता सहा जणांनी फलाटापर्यंत पोहोचवलं. एकाचाही वार दुसऱ्यासारखा नव्हता. त्या उत्तरपत्रिकेला मी ट्रिपल एस दिला असता.

घरी पोहोचायला साडेनऊ वाजले. शर्टाचं एक बटण नव्हतं. जेवून कंट्रोलर घेतला, तर आई शेजारी येऊन बसली.

"पन्नास निबंध तपासताना कोणाला मार्क जायचे ठाऊक आहे? 'पाऊस मला आवडतो' हे दर परिच्छेदात लिहिणाऱ्याला. तू प्रत्येक राक्षसाला पाऊस आवडतो म्हणतोस."

मी पाऊस बंद केला. तलवार, मग पिस्तूल, मग उडी. वरून तलवार. घाबरत एक वाकुली. बी. तो उठायच्या आत पुन्हा उचलला. ए. बोटं बोरिवलीच्या त्या सहा जणांसारखी आपसूक चालत होती. आणि अचानक गाण्याने श्वास घेतल्यासारखं झालं, ढोल थांबले, पुन्हा आदळले, आणि ध्रुवपद सुरू झालं.

"आलं!" आई टाळी वाजवत म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"गेलं," ती म्हणाली.