कॅमेरा दारापर्यंत

"देवाचं शूटिंग करायचं, ते यूट्यूबवर चढवायचं आणि वर 'गुप्त परंपरा' म्हणून मिरवायचं. गुपित राहिलं कुठं?" ब्राझीलमधल्या कांदोंब्ले या आफ्रिकन मुळांच्या धर्मावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही असं विचारलंत. आधी एक कबूल करतो: तिथल्या कॅमेऱ्याचा जुना हिशेब मी लेखात दिलाच नव्हता.

तो वाईट आहे. 1951 साली 'ओ क्रुझेइरो' या खपाच्या साप्ताहिकात साल्वादोरमधल्या दीक्षाविधीचे 38 फोटो आले. मुंडण, बळी, रक्ताने माखलेली डोकी. मथळा काय, तर 'रक्तपिपासू देवांच्या नवऱ्या'! त्या काळी बाहिया राज्यात (साल्वादोर तिथलंच) कांदोंब्लेच्या देवस्थानांना पोलिसांकडे नोंद करावी लागे. ती अट 1976 मध्ये सुटली. पुढे 1999 मध्ये झिल्दा आईंचा (पुजारणीला तिकडे 'आई'च म्हणतात) फोटो एका चर्चच्या वृत्तपत्राने भोंदूगिरीच्या बातमीला लावला. 21 जानेवारी 2000 ला त्या गेल्या. धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आता त्याच तारखेला पाळतात. तेव्हा कॅमेऱ्याचा धसका त्या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच आहे.

तरी व्हिडिओवाला बोलावतात, आपल्याकडे लग्नात बोलावतात तसा. पण कधी? दीक्षा घेणारी मुलगी आतल्या खोलीत दिवसेंदिवस असते, तिथे नाही. तिला लोकांसमोर आणतात तेव्हा. मुंडलेलं डोकं, अंगावर खडूचे पांढरे ठिपके, कपाळाला पोपटाचं लाल पीस. सगळे कान देऊन उभे असतात आणि तिच्या अंगात आलेला देव उडी मारून स्वतःचं नाव ओरडतो. लगेच ढोल, टाळ्या, जल्लोष.

आता गंमत बघा. अंगात आलेल्याला नंतर काही आठवत नाही, असं तिकडे मानतात. म्हणजे तिचा देव कसा नाचला हे जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं, एक तिने सोडून. ते तिला व्हिडिओत दिसतं. दाखवावं की नाही, यावर त्यांच्यातही एकमत नाही, आणि त्यात मी पडणार नाही.

गुपिताचं म्हणाल, तर ते त्या खोलीत आहे. व्हिडिओत ती खोलीतून बाहेर येताना दिसते; आत काय झालं ते नाही. उलट बघणाऱ्याला पक्कं कळतं की आत काहीतरी आहे आणि आपल्याला तिथे प्रवेश नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं. पाहुण्याने मोबाइलवर गुपचूप घेतलेली क्लिप आणि देवस्थानाने स्वतः करून घेतलेला व्हिडिओ यांत फरक आहे. लेखाच्या शेवटी मी दिलेली लिंक पुन्हा पाहिली. चित्रीकरण खांबाआडून केलंय, मध्ये कुणाचा तरी हात येतो. काढून टाकली आहे.