‘काम आलं की माणसं भरू’ म्हणणाऱ्यांना

ठेकेदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘मुंबईत माणसांना तोटा नाही. ऑर्डर हातात आली की भरती करा. मागणीचा भरवसा नसताना आधी माणसं घेणं म्हणजे बसवून पगार देणं.’ यावर विसंबलेल्यांची कामं अडतात आणि बोलणी मुकादमाला बसतात, म्हणून हे उत्तर.

माणसांना तोटा नाही, हे नाक्यावरच्या बिगाऱ्यापुरतं ठीक. पाइप वेल्डर तिथे उभा नसतो. मिळाला तरी आधी त्याची टेस्ट : ४५ अंशांत पक्का बसवलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच वाकून-वळून सगळा जोड मारायचा. मग तुकडा एक्स-रेला जातो. आतला पहिला थर नीट उतरला नसेल तर माणूस नापास, पुन्हा शोधाशोध. आयटीआयत वेल्डरचा कोर्स १ वर्षाचा, फिटरचा २ वर्षांचा. आज टंचाई आली म्हणून उद्या माणूस तयार होत नाही.

मागणीचा भरवसा नाही, मान्य. पण पुरवठ्याचा तरी कुठे आहे? होळीला, छठला गावी गेलेला ठरल्या तारखेला परततोच असं नाही. ‘येतो’ म्हणालेल्याला दुसऱ्या साइटवर जास्त हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळाली तर तो तिकडे जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मे २०२० मध्ये श्रमिक गाड्यांनी माणसं गेली, त्यानंतर कामं सुरू करायची तर हात कुठून आणायचे हा प्रश्न पडलाच होता.

‘बसवून पगार’ हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धाच हिशेब आहे. समजा, रिकामा वेल्डर दिवसाला १,५०० रुपयांना पडतो. आणि एक वेल्डर कमी पडला तर क्रेनचं भाडं, खोळंबलेला फिटर, मुदतीचा दंड धरून दिवसाला ४,५०० जातात. ४,५०० ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे ६,००० ने भागा : ०.७५. चारपैकी तीन वेळा पुरतील इतकी माणसं धरायची. सरासरी मागणीवर भरती केलीत तर साधारण निम्म्या वेळा कमीच पडणार. दंड नाही, क्रेन नाही अशा कामात हेच गणित कमी माणसं ठेवायला सांगेल, आणि तिथे तेच योग्य.

शिवाय ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यांना चहा आणायला पाठवू नका. पावसाळ्यात उघड्यावरचं काम मंदावतं, तेव्हा त्यांना चांगल्या वेल्डरच्या शेजारी बसवा आणि टेस्टचे तुकडे मारू द्या.