मधमाश्यांच्या मागे

जर्मनीत बीनेनश्टिश, म्हणजे ‘मधमाशीचा डंख’ नावाचा केक, मिळत नाही असं मी म्हणालो, तर लोक मला वेड्यात काढतील. स्टेशनातल्या बेकरीतही तो असतो. पण मला हवा तो नसतो, आणि हे बायकोला पटवता पटवता आमची अख्खी सुट्टी संपत आली.

मला हवा तो म्हणजे आखेनला शिकत होतो तेव्हा घरमालकीण आजी रविवारी चारच्या कॉफीबरोबर करायच्या, तो. खाली यीस्टने फुगवलेला मऊ थर, मध्ये व्हॅनिलाचं घट्ट कस्टर्ड आणि वर लोणी, साखर, मधात परतून भाजलेल्या बदामकापांचं सोनेरी कवच. बायकोच्या मते हा ‘चिक्की लावलेला पाव’. अशा बाईशी आपण एवढी वर्षं संसार केला!

कोलोनमध्ये एका बेकरीत यीस्टऐवजी बेकिंग पावडर निघाली. दुसरीकडे कस्टर्डच्या जागी फेटलेलं क्रीम, तेही जिलेटिन घालून सावधान उभं केलेलं. आणखी एका ठिकाणी काचेआड सगळं अगदी मनासारखं दिसत होतं, पण रांगेतल्या पुढच्या आजींनी उरलेले सगळे तुकडे बांधून घेतले. “आता सोमवारी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. पुणेकराला हा सूर ओळखीचा असतो, म्हणून मी वाद घातला नाही.

मग ठरवलं, थेट आन्डरनाखला जायचं. ऱ्हाइनकाठच्या या गावची दंतकथा अशी: 1474 साली पलीकडच्या काठावरचे लिन्त्सकर पहाटे चालून आले. गाव गाढ झोपेत. बेकरीतली दोन पोरं तेवढी जागी, आणि तीही तटावरच्या पोळ्यांतला मध चापायला चढलेली. त्यांनी ती पोळीच शत्रूच्या डोक्यावर भिरकावली. शत्रू डंख खात पळाला, आणि त्या आनंदात गावाने हा केक केला. नावातला डंख तिथला. गाडीत मी हे रंगवून सांगितलं.

“कोलंबस अमेरिकेला 1492 ला पोचला ना?” बायको म्हणाली. “व्हॅनिला तिकडची. मग कस्टर्ड कशाचं केलं?”

पुढचा प्रवास मी नदी बघत केला.

आन्डरनाखला मात्र मिळाला! यीस्टचा वास, कस्टर्ड, सगळं जागच्या जागी. फक्त एकच तुकडा शिल्लक होता. शहाणे केकवाले बदामाचं कवच आधीच कापून त्याचे चौकोन कस्टर्डवर मांडतात. इथे कोणी तसदी घेतली नव्हती. मी भक्तिभावाने वरून काटा दाबला. कवच हललं नाही, पाव बसला आणि मधलं कस्टर्ड चारी बाजूंनी बाहेर पडलं, बरंचसं माझ्या अंगावर. मी नॅपकिन शोधायला उठलो. परत येईपर्यंत बायकोने तुकडा शांतपणे आडवा पाडला होता, कडेने कापला होता आणि संपवत आणला होता.

“हाच का तो?” तिने विचारलं. “मला तर स्टेशनवरच्यासारखाच लागला.”

मी काय सांगणार? माझा वाटा शर्टावर होता.