उजवी लेन कोणाची?

गेली अकरा वर्षे मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते आणि दिवाळीला जमेल तेव्हा अंबडला माहेरी येते. यंदा आले तेव्हा घरात भाऊ आणि दाजी यांचा वाद रंगला होता. समृद्धी महामार्गाने जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना एक गाडी भावाच्या पुढे उजव्या लेनमध्ये नव्वदच्या वेगाने चालत राहिली आणि कितीही डिपर मारला तरी बाजूला झाली नाही. भावाचे म्हणणे असे की असल्या लोकांना परदेशासारखा जबर दंड ठोकला पाहिजे. दाजींचे म्हणणे असे की तिकडचे रस्ते वेगळे, तिकडची माणसे वेगळी, ते नियम इथे चालायचे नाहीत. दोघांनीही मला आपापल्या बाजूची साक्षीदार धरले होते आणि मला दोघांचेही पूर्ण पटले नाही.

जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याकडच्या उजव्या लेनचे, म्हणजे ओव्हरटेकच्या लेनचे, काम तिकडे डावी लेन करते. भारतीय परवान्यावर तिथे सहाच महिने गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मला शिकवणारे गृहस्थ एका ट्रकला ओलांडून झाले की आरशाकडे बोट दाखवत आणि मागे पडलेला ट्रक मधल्या आरशात पूर्ण दिसला की लगेच आपल्या लेनमध्ये परत जायला सांगत. मी तीन-चार सेकंद रेंगाळले तरी ते विचारत, ‘तुम्ही आता कोणाला ओव्हरटेक करत आहात?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे.

भावाला मी दंडाचा आकडा सांगितला, तेव्हा तो जरा हिरमुसला. विनाकारण लेन अडवून मागच्याला अडथळा केला तर 80 युरो आणि परवान्यावर एक दंडगुण. पगाराच्या मानाने ही रक्कम काही डोळे पांढरे करणारी नाही. आपल्याकडेही 2017 ची वाहनचालन नियमावली आहे आणि ती मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 500 ते 1000 रुपयांचा दंड आहे. खरा फरक मला दुसऱ्याच एका कलमात दिसतो. वेगाने चालणाऱ्या महामार्गावर चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याला तिथे 100 युरो आणि एक दंडगुण अशी शिक्षा आहे, म्हणजे अडवणाऱ्यापेक्षा वळसा घालून जाणाऱ्याला ती जास्त आहे. त्यामुळे पुढचा हटेपर्यंत मागच्याची खरोखरच कोंडी होते आणि ती कोंडी आपण केली आहे, हे पुढच्यालाही कळते. आपल्याकडे मागचा डावीकडून कट मारून निघून जातो, पुढच्याला आपण कोणाची वाट अडवली असे वाटतच नाही, आणि दाजी निर्धास्तपणे म्हणतात, ‘त्याला एवढी घाई असेल तर जाईल की डावीकडून!’ उजवीकडे ठाण मांडणे आणि डावीकडून घुसणे या दोन खोडी एकमेकींना अशा सांभाळून घेतात, आणि आपण रागावतो मात्र एकीवरच.

तरीही सोलापूर–धुळे महामार्गावर मी कोणालाही उजवी लेन सोडायला सांगणार नाही. गेवराईकडून संभाजीनगरकडे येताना त्या रस्त्याच्या डाव्या कडेला काय काय असते, हे एकदा नीट पाहावे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो आणि त्याला मागे लाल दिवा असेलच असे नाही. दुभाजकातली मोकळी जागा लांब पडते म्हणून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल राँग साइडने समोरून येते. ढाब्यासमोर अर्धा ट्रक रस्त्यावर उभा असतो. याच दिवसांत कोणीतरी सोयाबीन वाळत घातलेले असते आणि त्याच्या कडेने डोक्याएवढे दगड मांडलेले असतात. अंधारात ते सोयाबीन नव्हे, तो दगडच आधी भेटतो. अशा रस्त्यावर सळया भरून निघालेला ट्रकवाला दुभाजकाला धरून चालतो, त्याला मी बेशिस्त कशी म्हणू? डावी लेन त्याला विश्वासाची वाटत नाही, आणि रात्री तर मलाही वाटत नाही. दाजींचे ‘रस्ते वेगळे’ हे म्हणणे तिथे शंभर टक्के खरे आहे, आणि दंडाच्या आधी ती डावी लेन मोकळी करून देणे हे सरकारचे काम आहे.

समृद्धीवर मात्र ही सबब चालत नाही. 701 किलोमीटरचा हा रस्ता, एका बाजूला तीन लेन, दुचाकी-तिचाकींना बंदी, ट्रॅक्टर नाही, मध्येच रस्ता ओलांडणारे कोणी नाही. मोटारींना 120 ची मर्यादा आणि मालवाहू गाड्यांना 80 ची. वेगात एवढी तफावत ठेवली की लेनची शिस्त आपोआपच जीवनमरणाची गोष्ट होते, कारण डावीकडून कट मारणाऱ्या मोटारीपुढे ऐंशीने चाललेला कंटेनर अचानक उभा राहिल्यासारखा येतो. या रस्त्यावर अपघात झाला की चालकाची डुलकी आणि फुटलेले टायर यांवर चार दिवस चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. लेनचा विषय मात्र क्वचितच निघतो.

तिकडचे सगळे शहाणे, असेही नाही. मधली लेन पकडून बसणाऱ्यांचा त्रास जर्मनीतही आहे. 1978 पासून तिथे 130 हा केवळ शिफारस केलेला वेग आहे. त्या वेगाने डाव्या लेनमध्ये चालत राहून मागच्याला धडा शिकवणारे स्वयंघोषित मास्तर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बंपरला नाक लावून दिवे उघडझाप करणारेही.

शेवटी दाजी म्हणाले, ‘एवढं कळतंय तर तूच चालव.’ जालन्याला समृद्धीवर चढलो आणि पहिल्याच ट्रकला ओलांडताना मी सवयीने डाव्या हाताची कांडी ओढली, तर निरभ्र आकाशाखाली वायपर सुरू झाला. दाजी पोट धरून हसले. ट्रक मागे पडला आणि मी परत डावीकडे आले. ‘रस्ता मोकळा आहे, आता कशाला आलीस इकडे?’ पुढे एक कंटेनर आला, मी बाहेर निघाले, पुन्हा आत आले. असे सात-आठ वेळा झाले. संभाजीनगरसाठी उतरायचा सावंगीचा फाटा जवळ आला तेव्हा हसणे थांबले होते. त्यांनी अगदी मनापासून विचारले, ‘सारखं आत-बाहेर करून कंटाळा येत नाही का गं?’

‘येतो ना,’ मी म्हणाले.