कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर?

'ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवणाऱ्याची सरळ गैरहजेरी लावावी' हे ऑनलाइन तासांच्या नियमांवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी तालुक्याच्या गावी कॉमर्सच्या मुलांना शिकवते. इथे बऱ्याच घरांत भावंडांत मिळून एकच स्मार्टफोन आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक. सकाळी व्हिडिओ चालू ठेवला तर दुपारच्या तासाला डेटा उरत नाही. शिवाय एका खोलीचं घर, मागे आई भाकऱ्या थापतेय, आजोबा खाटेवर पडलेत. हे अख्ख्या वर्गाला दाखवायचं नसेल तर ती बेशिस्त कशी? माझी एक विद्यार्थिनी कधीच कॅमेरा लावत नसे, पण घसाऱ्याची (वापरामुळे यंत्राच्या किमतीत होणाऱ्या घटीची) हिशेबातली नोंद विचारली की चॅटमध्ये सगळ्यांत आधी तिचं उत्तर यायचं: 'घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा'. तिला गैरहजर कुठल्या तोंडाने लावू?

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांनी चालवलेले, कोर्स बघा. तिथे रोज कुणी चेहरे तपासत नाही. असाइनमेंटना २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादा आठवडा आजारपणात गेला तरी मूल मागे पडत नाही. हजेरीच हवी असेल तर तासाच्या शेवटी एक छोटा प्रश्न टाका, उत्तर आलं की हजर. आणि तासाचं रेकॉर्डिंग कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे कॉलेजने पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवं. नियमांवरच्या एवढ्या मोठ्या लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.